तो पेनड्राइव्ह नव्हता

शनिवारी सकाळी नऊच्या आत दारावर टकटक झाली की मी ओळखतो, कुणाचं तरी वायफाय झोपलंय. डेन्व्हरमधल्या आमच्या गल्लीत मी 'कॉम्प्युटरवाला'. मी दिवसभर बॅकएंडचा कोड लिहितो, प्रिंटर दुरुस्त करत नाही, हे सांगून सांगून दमलो. पुण्यातल्या नातेवाईकांना वीस वर्षांत पटलं नाही, इथल्या शेजाऱ्यांना काय पटणार! असो.

त्या दिवशी दारात शेजारच्या बाई उभ्या. मूळच्या मेक्सिकोतल्या चिवावा राज्यातल्या. नवरा घरांच्या छपरांची कामं करतो (डेन्व्हरला गारा इतक्या पडतात की या धंद्याला मरण नाही), त्या स्वतः पहाटे चारला एका बेकरीत कामाला लागतात. हातात प्लास्टिकचा डबा, डब्यात तांदूळ, आणि तांदळात खुपसलेली बोटभर लांबीची एक काळी धातूची वस्तू.

"वेसीनो," (म्हणजे शेजारी. त्या मला याच नावाने हाक मारतात) "मुलाच्या पँटच्या खिशात होतं. मशीनमध्ये धुतलं गेलं. तो म्हणतो शाळेच्या कॉम्प्युटरचं आहे. बिघडलं असलं तर शाळा भरपाई मागेल का?"

ओला मोबाइल तांदळात ठेवावा हे कुणीतरी सांगितलेलं. बिचारीने रात्रभर ते तांदळात वाळवलं होतं.

मी हातात घेतलं. एका टोकाला यूएसबीने चार्ज करायची सोय, खरंच. पण दुसऱ्या टोकाला तोंडात धरायची चपटी नळी, आणि मधल्या इवल्याशा काचेतून दिसणारं मधाच्या रंगाचं घट्ट तेल. खाली बारीक अक्षरांत तीन इंग्रजी अक्षरं. टी, एच, सी.

एरवी आमच्यात दुभाषा असतो तो त्यांचा हाच मुलगा. वय वर्षं चौदा, गोड पोरगा, मला 'मिस्टर' म्हणतो. माझं स्पॅनिश मोबाइलच्या ॲपवर शिकलेलं, त्यांचं इंग्रजी साधारण माझ्या स्पॅनिशच्याच तोडीचं. पोरगा त्या वेळी फुटबॉलला गेला होता. म्हणजे सांगायचं तर मलाच, आणि तेही मोडक्यातोडक्या भाषेत. खोटं बोलायचा मोह झाला नाही असं नाही. "चालतंय सेन्योरा, वाळलंय" एवढं म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं आणि माझा शनिवार वाचला असता.

मी म्हटलं, हे कॉम्प्युटरचं नाही. हे मारिवाना आहे.

त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, मारिवाना मला माहीत आहे, माझ्या आईकडे होती! मग हातवारे करून सांगितलं. आईच्या स्वयंपाकघरात फडताळावर अल्कोहोलची बाटली असायची, तिच्यात ती हिरवी पानं भिजत घातलेली. गुडघे दुखले की ते चोळायचं. आबुएलाचा, म्हणजे आजीचा, घरगुती इलाज. मेक्सिकोत हा इलाज घरोघरी माहीत आहे. आणि याला तर वासही नाही, धूरही नाही. मारिवाना कशी असेल?

मी पुन्हा काचेतलं तेल दाखवलं. ओढायची नक्कल केली. तेव्हा चेहरा पडला. हळूच एकच शब्द बोलल्या: "मारिवानो?" हा शब्द मेक्सिकन स्पॅनिशमध्ये शिवीच आहे. आपल्याकडे 'गांजेकस' म्हटल्यावर जसा एक माणूस डोळ्यांसमोर येतो ना, तारवटलेले डोळे, हातात चिलीम, वाया गेलेला, अगदी तसा.

गेले काही आठवडे माझ्या डोक्यात हेच घोळतंय. त्या माउलीकडे या वनस्पतीची दोन चित्रं होती. एक आजीची बाटली, दुसरं वाया गेलेला मारिवानो. मुलाच्या खिशातली वस्तू या दोन्हींपैकी कशातच बसत नव्हती. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्याही डोक्यात अशीच दोन चित्रं आहेत. महाशिवरात्रीची भांग, जी देवाच्या नावावर आजोबाही घ्यायचे, आणि घाटावर बसलेल्या गोसाव्याची चिलीम. आपल्या कायद्यातही हीच विभागणी आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, नुसती पानं त्या व्याख्येच्या बाहेर. म्हणून भांग सुटते आणि गांजा सापडतो. (जाता जाता: जमैकात या झाडाला 'गांजा'च म्हणतात. शब्द आपल्याकडचा, ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर तिकडे गेलेला. मेक्सिकोत मात्र हे झाड स्पॅनिशांनी दोरखंडाच्या तागासाठी नेलं.)

तर मुद्दा असा, की ज्या आईबापांना आपण 'जागरूक' करायला निघतो, त्यांना काहीच माहीत नसतं असं नाही. जे माहीत असतं ते चाळीस वर्षांपूर्वीच्या मालाबद्दल असतं. अमेरिकन सरकारने पकडलेल्या मालाच्या तपासण्या बघा. १९९५ साली त्यात नशा आणणाऱ्या टीएचसीचं प्रमाण सरासरी ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. हा झाला सुका पाला. काचेतलं ते तेल म्हणजे अर्क, त्यात हे प्रमाण ६०-७० टक्के आणि त्याहूनही वर असतं. बिअर पिणाऱ्या बापाला मुलगा 'पितो' एवढंच कळावं, पण तो बाटलीभर देशी पितो हे कळू नये, अशातला प्रकार.

आता इथल्या परिस्थितीबद्दल थोडं, म्हणजे तिकडे पुण्या-मुंबईत वाचणाऱ्यांचा गोंधळ नको. कोलोरॅडोने २०१२ च्या नोव्हेंबरात मतदान घेऊन मारिवाना कायदेशीर केली, १ जानेवारी २०१४ पासून दुकानं उघडली. वयाची अट २१ पूर्ण. करातले दरवर्षीचे पहिले ४ कोटी डॉलर शाळांच्या बांधकामाला, असं मतदारांना कबूल केलेलं. म्हणजे ज्या शाळेत पोराच्या दप्तरात ही पेन सापडते, त्या शाळेचं छप्पर कदाचित याच पैशातून झालेलं. पुढे कॅलिफोर्नियाने २०१६ साली हेच केलं, आणि मग रांगच लागली.

मी स्वतः या कायद्याच्या विरोधात नाही. मोठ्या माणसाने स्वतःच्या घरात काय करावं यात सरकारने नाक खुपसू नये असं माझं मत. शिवाय 'कायदेशीर केलं की पोरं बिघडणार' ही भीती आकड्यांत तरी उतरलेली नाही. कोलोरॅडोत शाळकरी मुलांची दर दोन वर्षांनी पाहणी होते. गेल्या तीस दिवसांत एकदा तरी घेतली असं सांगणारी हायस्कूलची मुलं २०१३ साली शंभरात वीसच्या आसपास होती, २०२३ साली तेराच्या आसपास. म्हणजे कमीच झाली. देशभरातही बारावीच्या वर्गात वर्षभरात घेतलेल्यांचं प्रमाण २०२४ साली सुमारे २६ टक्के होतं, दशकभरापूर्वी ते ३५ च्या पुढे होतं.

मग एवढी आरडाओरड कशाला? कारण 'किती जण' हा आकडा खाली आला तरी 'काय आणि किती कडक' हे बदललंय. आणि जी तेरा मुलं उरली त्यांच्यापैकी एकाची आई माझ्या दारात तांदळाचा डबा घेऊन उभी होती.

आता येतो खऱ्या दुखण्यावर. पंधरवड्याने कळलं की शाळेने या प्रकाराबद्दल आधीच एक पत्र घरी पाठवलेलं होतं. स्वच्छ, नेमकं, इंग्रजीत. आईने ते मुलाकडे दिलं. मुलाने वाचून दाखवलं की, शाळेत काही मुलं मोबाइल वापरतात, आईबाबांनी लक्ष ठेवावं. आईने लक्ष ठेवायचं कबूल केलं आणि खाली सही केली.

आम्ही नेटवर्क सिक्युरिटीत याला 'मॅन इन द मिडल' म्हणतो. दोन टोकांना वाटतं आपण एकमेकांशी थेट बोलतोय, आणि मध्ये बसलेला तिसरा निरोप उघडतो, बदलतो, पुढे सोडतो. फरक एवढाच की इथे हॅकर चौदा वर्षांचा आहे आणि ही नोकरी त्याला मोठ्या माणसांनीच दिली आहे, तो सहा वर्षांचा असल्यापासून. घरभाड्याचा करार हा वाचतो. विजेचं बिल, बापाच्या विम्याचे कागद, आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट हाच समजावतो. डॉक्टर आईला काय म्हणाले हे आईच्या आधी याला कळतं. पोराच्या खांद्यावर केवढं ओझं आहे बघा. आणि मग एके दिवशी त्याच्याच गुन्ह्याची फिर्याद त्याच्याच हातात देऊन आपण म्हणतो, बाळ, जरा भाषांतर कर! मी त्याच्या जागी असतो तर मीही मोबाइलच म्हटलं असतं. तुम्हीही.

अमेरिकेत घरात स्पॅनिश बोलणारे लोक चार कोटींच्या वर आहेत. हा काही कोपऱ्यातला अपवाद नव्हे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली शाळांनी पालकांशी त्यांना कळेल अशा भाषेत बोललं पाहिजे हे अनेक वर्षं धरून चालत आलंय. सरकारी कचेऱ्यांनी इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करावी असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश २००० साली निघाला होता, तो २०२५ च्या मार्चमध्ये रद्द झाला. इंग्रजी ही अधिकृत भाषा जाहीर झाली त्याच फटक्यात. १९६४ चा कायदा आहे तसाच आहे, पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय हे शाळेच्या ऑफिसातल्या कारकुनालाही कळतं. दुभाष्याचा खर्च आधी कापला जातो.

आणि जिथे स्पॅनिश पत्रकं आहेत तिथे तरी काय? मी हौसेने दोन-चार मिळवून वाचली. ती स्पॅनिशमध्ये आहेत खरी, पण आपल्या बँकेच्या एटीएमवरची मराठी जशी मराठीत असते तशी. ती वाचून आपण मुकाट्याने इंग्रजीचं बटण दाबतो की नाही? इंग्रजी वाक्य उचललं, शब्दाला शब्द ठेवला, झालं लोकलायझेशन. घरात लोक बोलताना 'मोता' म्हणतात, पत्रकात प्रयोगशाळेतलं लॅटिन नाव. वर लिहिलेलं, 'आपल्या पाल्याशी मोकळेपणाने चर्चा करा'. आता ज्या घरात बाप बारा तास छपरावर असतो, आई पहाटे चारला बाहेर पडते, आणि 'रेस्पेतो' म्हणजे थोरांचा मान हा घराचा खांब आहे, तिथे 'मोकळी चर्चा' हा शब्दच परका. आपल्याकडे एखाद्या कोल्हापूरच्या आजोबांना सांगून बघा, नातवाशी ड्रग्जबद्दल मोकळी चर्चा करा म्हणून. पुढचं तुम्हीच ऐकून घ्या.

घाबरवणं तर सगळ्यात निरुपयोगी. १९९८ पासून अमेरिकन सरकारने टीव्हीवरून मुलांना मारिवानापासून परावृत्त करायची प्रचंड मोहीम चालवली, खर्च अब्ज डॉलरच्या घरात. नंतर नीट मोजमाप झालं तेव्हा वापर कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही, उलट जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांत कुतूहलच वाढलं की काय अशी शंका आली. आमच्या कोलोरॅडोने २०१४ साली माणूस मावेल एवढे उंदरांचे पिंजरे डेन्व्हरमध्ये उभे केले, 'प्रयोगशाळेतला उंदीर बनू नका' म्हणून. लोकांनी यथेच्छ थट्टा केली आणि शेजारच्या बोल्डरच्या शाळांनी पिंजरा नको म्हणून कळवलं.

मग सांगायचं काय? माझ्या मते खरं तेवढं, आणि अनिश्चित आहे ते अनिश्चित म्हणूनच. पोरं इंटरनेटवर पाच मिनिटांत तपासतात. एक थाप पकडली की उरलेल्या नऊ खऱ्या गोष्टीही कचऱ्यात.

उदाहरणार्थ, 'मारिवानाने बुद्धी कमी होते' हे सर्रास सांगितलं जातं. त्याचं मूळ न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात आहे. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यातली ज्यांनी कोवळ्या वयात सुरू करून पुढे वर्षानुवर्षं नियमित घेतली, त्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत सुमारे ८ गुणांनी घसरलेला दिसला. निबंध २०१२ चा. पण २०१६ साली जुळ्या भावंडांवरचा एक अभ्यास आला, त्यात घेणाऱ्या जुळ्याची घसरण न घेणाऱ्या जुळ्याहून जास्त नव्हती. म्हणजे दोष घराचा, परिस्थितीचाही असू शकतो. हा वाद मिटलेला नाही, आणि आईला तसंच सांगावं. आईला शेंडेफळासारखं वागवायची गरज नाही, तिला दोन बाजू कळतात.

त्यामानाने पक्क्या गोष्टी पुरेशा आहेत. विशीच्या आत सुरू करणाऱ्यांपैकी साधारण सहात एकाला सवय जडते, एकूण घेणाऱ्यांत हेच प्रमाण दहा-अकरात एक. नशेत लक्ष आणि स्मरण ढिलं पडतं, आणि रोज घेणाऱ्या पोराचा शाळेचा अख्खा दिवस त्यातच जातो. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात रोज कडक माल घेणाऱ्यांत भ्रम-भास होणाऱ्या मानसिक आजाराची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसली. घराण्यात असा आजार असेल तर धोका आणखी. ही एक ओळ प्रत्येक आईला तिच्या भाषेत कळायलाच हवी, कारण मामाला किंवा काकाला 'वेड लागलं होतं' हे शाळेला माहीत नसतं, तिलाच माहीत असतं.

आणखी एक खूण सांगतो, जी पत्रकात शेवटच्या पानावर असते पण आईच्या नजरेत पहिल्यांदा येते. खूप दिवस खूप घेणाऱ्या काहींना उलट्यांचे झटके येतात आणि त्यांना बरं फक्त कडकडीत पाण्याखाली वाटतं. पोरगा तासतास गरम शॉवरखाली उभा, गिझर रिकामा, आई ओरडतेय पाणी संपलं म्हणून. डॉक्टरांना हे लक्षात यायला कधी कधी महिने लागतात.

आणि काळ्या बाजारातल्या पेनचं तर विचारूच नका. २०१९ साली अशा पेन ओढणाऱ्यांची फुफ्फुसं निकामी व्हायला लागली. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २८०७ जण इस्पितळात, ६८ मृत्यू. कारण बहुतांशी तेलात भेसळ केलेला ई जीवनसत्त्वाचा एक प्रकार. अंगाला लावायला ठीक, फुफ्फुसात घातक. चौदा वर्षांच्या मुलाला दुकानात प्रवेश नाही, म्हणजे त्याचा माल कुठून आला हे शोधणं ओघाने आलंच.

धाकटी भावंडं हा निराळाच विषय. गोळ्या-चॉकलेटच्या रूपात मिळणारा माल सहा वर्षांखालच्या मुलांनी खाल्ल्याचे विषबाधा केंद्रांकडचे अहवाल २०१७ साली २०७ होते, २०२१ साली ३०५४. कोलोरॅडोत अशा प्रत्येक गोळीवर उद्गारचिन्ह आणि टीएचसी अशी चौकटीतली खूण असावी लागते, एका खुराकात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. ती खूण शेजारीणबाईंना मी कागदावर काढून दाखवली. त्यांनी तो कागद फ्रिजवर लावलाय. या मुद्द्यावर कुठल्याही घराला अपमान वाटत नाही हेही माझ्या लक्षात आलं. 'तुमचा मोठा बिघडलाय' ऐकताना कान बंद होतात, 'धाकटीच्या हाती लागेल' म्हटलं की लगेच उघडतात.

पण या सगळ्याहून मोठा धोका आरोग्याचा नाहीच, आणि तो इंग्रजी पत्रकात सापडत नाही, कारण इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्या घराला तो नाहीच! राज्यात कायदेशीर असलेली ही गोष्ट केंद्राच्या कायद्यात आजही गुन्हा आहे. आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्राच्या हातात. अधिकाऱ्यासमोर 'हो, घेतली होती' एवढी कबुली दिली तरी दार बंद होऊ शकतं, शिक्षा झालेली असण्याचीही गरज नाही. नागरिकत्व खात्याने २०१९ च्या एप्रिलमध्ये लेखी स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असली तरी मारिवानाशी संबंध हा 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकतो. दुकानात नोकरी केली तरीसुद्धा. स्वतःपुरत्या ३० ग्रॅमपर्यंतच्या एकाच गुन्ह्याला हद्दपारीतून सूट आहे, पण देशाबाहेर जाऊन परत येताना ती सूट जशीच्या तशी लागू होत नाही. हे ग्रीन कार्डवाल्याला कोण सांगणार? रस्त्यावर दुकान आहे, दुकानाला परवाना आहे, साधा माणूस काय समजणार?

इथे मंडळी, तुम्हीही जरा कान टवकारा. एच१बीवर बे एरियात राहणारे आपले किती मराठी बंधू वीकेंडला 'इथे लीगल आहे रे' म्हणून गमी बेअर खातात आणि फोटो टाकतात! नियम त्या छपरवाल्याला आणि तुम्हाला एकच.

पोलिसांचं म्हणाल तर तिथेही समानता नाही. कोलोरॅडोच्याच सरकारी अहवालातला आकडा आहे: २०१२ ते २०१४ या काळात मारिवानासाठी पकडलेल्या अल्पवयीनांत गोऱ्या मुलांचं प्रमाण ८ टक्क्यांनी घटलं, हिस्पॅनिक मुलांचं २९ टक्क्यांनी आणि काळ्या मुलांचं ५८ टक्क्यांनी वाढलं. पोरं तीच, माल तोच, राज्य तेच.

यावर माझा एक मित्र म्हणाला, मग स्पॅनिश बोलणाऱ्यांनाच वेगळं गाठून उपदेश करणं हाही त्यातलाच प्रकार नाही का? आक्षेप अगदीच फोल नाही. या विषयाचा इतिहास घाणेरडा आहे. १९३० च्या दशकात हॅरी अॅन्सलिंगर या अधिकाऱ्याने मेक्सिकनांच्या नावाने भीती पसरवत १९३७ चा मारिवाना कर कायदा आणवला. इंग्रजीत कॅनॅबिस हा शब्द असताना परका वाटणारा 'मारिवाना' मुद्दाम वाजवला गेला. (गंमत म्हणजे मेक्सिकोने स्वतः त्यावर १९२० सालीच बंदी घातली होती, आणि 'मारिवानो'ची भीती तिकडचीच.) म्हणूनच म्हणतो, स्पॅनिशमध्ये सांगायचं ते त्यांची मुलं जास्त घेतात म्हणून नव्हे. फार फरक नाहीच. उलट मेक्सिकोत जन्मलेल्यांत प्रमाण कमी असतं, इथे जन्मलेल्या पिढीत वाढतं. सांगायचं ते एवढ्यासाठी की इंग्रजी घराला जी माहिती फुकट मिळते ती यांना मिळत नाही, आणि चुकीची किंमत यांना जास्त पडते.

बरं, चांगलं काम झालेलंच नाही असंही नाही. मायामी विद्यापीठात 'फामिलियास उनिदास' नावाचा कार्यक्रम तयार झाला. त्यात आईबापांचे छोटे गट बसतात, स्पॅनिशमध्ये, आणि बोलणं ड्रग्जबद्दल कमी आणि मुलाचे मित्र कोण, शाळेशी कसं बोलायचं, रागावल्यावर पुन्हा बोलणं कसं सुरू करायचं याबद्दल जास्त. मुलाशी कसं बोलायचं याची आधी गटात तालीम होते. पद्धतशीर चाचण्यांत त्याचा परिणाम दिसलेला आहे. मला त्यातलं आवडलं ते हे, की आईबापांना विद्यार्थी न करता घरातले मुख्य म्हणून वागवतात. दुभाषेगिरीने उलटी झालेली घडी पुन्हा सुलटी होते.

दुसरं म्हणजे 'प्रोमोतोरा'. वस्तीतलीच एखादी बाई, थोडं प्रशिक्षण घेतलेली, चार घरी जाऊन बसते, कॉफी पिते, बोलते. आपल्याकडच्या आशाताईच म्हणा ना. २०२५ च्या जानेवारीत शाळा-चर्चच्या आवारात स्थलांतरितांना पकडू नये हा जुना संकेत सरकारने काढून टाकला. त्यानंतर कागदपत्रं नसलेला बाप संध्याकाळच्या पालकसभेला कशाला येईल? आमच्या शाळेने मात्र सभेला लोक येत नाहीत म्हणून 'पालकांना रस नाही' असा शेरा मारला. अशा वेळी दारापर्यंत येणारी प्रोमोतोरा आणि बेकरीत पहाटे लागलेला स्पॅनिश रेडिओ, हे दोनच मार्ग उरतात. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोहून १९८० पासून 'रादियो बिलिंग्वे' शेतमजुरांशी त्यांच्या भाषेत बोलतंय. पत्रकं छापायचे अर्धे पैसे अशा ठिकाणी गेले तर मी आनंदाने कर भरीन.

त्या शनिवारचं राहिलंच. संध्याकाळी पोरगा माझ्याकडे आला. मला वाटलं भांडेल. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "मिस्टर, तुम्ही तिला सांगितलंत ते बरोबर सांगितलंत ना? म्हणजे शब्द?" मी म्हटलं, माझं स्पॅनिश तुला माहीत आहे. तर म्हणाला, मग मीच नीट सांगतो. आत गेला. दार बंद झालं. अर्धा तास कुणाचा आवाज चढला नाही, मग आईचा चढला, मग पुन्हा शांतता.

पेन त्याने कुठून घेतली, शाळेचं पुढे काय झालं, हे त्यांच्या घरचं, इथे लिहिणार नाही.

गेल्या मंगळवारी शाळेचं आणखी एक पत्र आलं. सवयीप्रमाणे पोराने उघडून वाचायला घेतलं. बाईंनी ते हातातून काढून घेतलं आणि त्याला बरोबर घेऊन तडक माझ्या दारात. मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं: विज्ञान संग्रहालयाची सहल आहे, बारा डॉलर, शुक्रवारपर्यंत. मग त्यांनी पत्र पोराकडे दिलं आणि म्हणाल्या, आता तू वाच. त्याने माझ्याकडे बघत, एक एक शब्द सुटा करत, पूर्ण पत्र वाचलं. बारा डॉलर, शुक्रवार, आणि मी गाळलेली ओळसुद्धा, की डबा घरून आणावा.